वाणी आणि वेतन

जबलपूरच्या सराफ्यात सोने विकावयास गेलेला मनुष्य दुकानदाराच्या शब्दावर विसंबत नाही, आणि दुकानदारही त्याच्या शब्दावर विसंबत नाही. दोघांच्या मध्ये परंपरेने एक काळा दगड असतो. त्या दगडास विकणाऱ्याची नड ठाऊक नसते आणि घेणाऱ्याचा लोभही ठाऊक नसतो. म्हणूनच कसोटीवर उमटलेली रेघ दोघांस मान्य होते. अलीकडे दगडाचे काम बऱ्याच अंशी यंत्राने घेतले आहे. १६ जून २०२१ पासून आपल्या देशात दागिन्यांवर शुद्धतेचा छाप टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. परंतु या नव्या व्यवस्थेचेही तत्त्व जुनेच आहे. दागिना विकणारा आपल्या मालावर आपणच छाप मारीत नाही. तो तपासणीसाठी मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठवावा लागतो. विकणारा आणि पारखणारा एक असू नये, एवढे शहाणपण बाजारास कोणत्याही नीतिग्रंथाच्या साहाय्यावाचून सुचलेले आहे.

सोन्याच्या बाबतीत बाजारास जे साधले ते शब्दाच्या बाबतीत राज्यसंस्थेस साधले आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न. राज्य कारभार करते, आणि त्या कारभाराची वार्ताही आपल्याच नभोवाणीवरून देते. दुष्काळ पडला तर तो निवारण्याचे काम त्याचे, आणि तो निवारला गेला हे सांगण्याचे कामही त्याचेच. येथे घडविणारा आणि पारखणारा एकच झाला. शिवाय ही वार्ता ज्यांच्या मुखातून बाहेर पडते तेही त्याच राज्याचे वेतन घेत असतात. ज्याचे वेतन राज्याकडून येते त्याच्या वाणीस सत्याचा धर्म पाळता येतो काय? हा प्रश्न ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्या निवेदकाचाच आहे असे वरवर पाहता वाटेल. किंचित खोल गेल्यास तो स्वप्रांतापासून दूर, सरकारी चाकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां सर्वांचाच आहे असे आढळून येईल.

आपल्याकडील नभोवाणीचा आरंभ सरकारने केला नव्हता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले ते एका खाजगी कंपनीचे. तीन वर्षांच्या आतच ती कंपनी बुडाली, आणि १९३० साली सरकारने तो व्यवसाय आपल्याकडे घेतला. ८ जून १९३६ रोजी त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' असे नाव देण्यात आले. म्हणजे ही वाणी राज्याच्या हाती आली ती कोण्या सिद्धांतामुळे नव्हे, एका दिवाळ्यामुळे. परंतु एकदा हाती आलेली ही वस्तू सोडून द्यावी असे त्यानंतर कोणत्याच राज्यकर्त्यास मनापासून वाटले नाही; परकीयांस वाटले नाही, तसेच स्वकीयांसही वाटले नाही.

'आकाशवाणी' हा शब्द प्रथम १९३५ साली म्हैसूरच्या एका स्वतंत्र केंद्राने स्वीकारला. पुढे तो साऱ्या देशाच्या नभोवाणीस लागला, आणि २०२३ साली इंग्रजी नाव वगळून तेवढाच ठेवण्यात आला. शब्द सुंदर आहे, पण तो धारण करणे सोपे नाही. पुराणांतील सर्वांत प्रसिद्ध आकाशवाणी कोणती? देवकीच्या वरातीचा रथ स्वतः कंस हाकीत असता, भर रस्त्यात, प्रजेच्या देखत, जी वाणी झाली ती. राजास जे ऐकावयाचे नव्हते नेमके तेच तिने सांगितले. तिला देह नव्हता म्हणून तिला धरता येईना. तेव्हा कंसाने जी समोर होती त्या बहिणीवर शस्त्र उगारले. या कथेतील आकाशवाणीचे लक्षण हेच की ती कोणाच्या पदरी नाही. आपण मात्र या नावाची संस्था राजाच्या पदरी ठेवली, आणि या विसंगतीचा विचार करण्याचे आजवर टाळत आलो.

एवढ्यावरून सरकारी नभोवाणी म्हणजे केवळ भाटगिरी असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचा आरंभ झाला. गदिमांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आणि ज्यांच्या कल्पनेतून व आग्रहातून हा उपक्रम उभा राहिला ते सीताकांत लाड आकाशवाणीच्या सेवेतले. छप्पन्न गीते, आठवड्यास एक, असे ते वर्षभर चालले. नफ्यातोट्याचा हिशेब करणाऱ्या कोणत्या व्यापाऱ्याने हे धाडस केले असते? शेतकऱ्यांसाठी, लहान भाषांसाठी, अभिजात संगीतासाठी या संस्थेने जे केले ते बाजाराने केले नसते. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी दिल्लीहून लागणाऱ्या मराठी बातम्या ज्या ओढीने ऐकल्या, तिचे मोल पैशांत होत नाही.

परंतु हितबुद्धीलाही मर्यादा असते, आणि तिचे उदाहरणही एका मराठी माणसाचेच आहे. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे निस्सीम प्रेम. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत, आणि त्या मतानुसार ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? त्यांनी यंत्राची खुंटी फिरविली आणि रेडिओ सिलोन लावला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून सरकारनेच ती वाट मोकळी केली. गाण्यांच्या बाबतीत ही हकीकत मौजेची वाटते. पण तिच्यातील बोध मौजेचा नाही. ऐकणारा बांधलेला नसतो. घरच्या वाणीवरचा त्याचा विश्वास उडाला की तो वाद घालीत नाही, तक्रार करीत नाही. मुकाट्याने दुसरीकडे वळतो. गाणे हरवले तर फार बिघडत नाही. विश्वास हरवला तर मात्र तो परत मिळविण्यास कोणतीही 'विविध भारती' पुरी पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सरकारी वाणी खोटे बोलते, हा आरोप आपण नेहमी ऐकतो. माझ्या मते तो आरोप बहुधा चुकीचा आहे. उघड असत्य ती क्वचितच बोलते. तिचा दोष निराळा आहे, आणि तो मौनाचा आहे. काय सांगावे यापेक्षा काय सांगू नये, कशास प्रथम स्थान द्यावे आणि कशास अखेरीस ढकलावे, यातच तिचे सारे कौशल्य असते. धर्मराजाने उच्चारलेल्या वाक्यात अक्षरही खोटे नव्हते. अश्वत्थामा मारला गेला होता, आणि तो हत्ती होता हेही त्याने म्हटले होते; फक्त ते ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटले. तरीही त्याचा रथ, जो भूमीपासून चार बोटे वर चालत असे, तो त्या क्षणी खाली आला. महाभारतकाराने शिक्षा दिली ती शब्दांस नव्हे, शब्दांमागील हेतूस दिली.

आणि येथेच सरकारी सेवकाची खरी पंचाईत सुरू होते. कारण मौन हा तर त्याच्या सेवेचा नियमच आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली जे वर्तननियम झाले त्यांतील आठव्या नियमाने वाङ्मय, कला व शास्त्र हे विषय सोडून एरवी नभोवाणीवर बोलावयास पूर्वपरवानगी आवश्यक केली. नववा नियम त्याहून कडक आहे. सरकारच्या धोरणावर वा कृतीवर ज्यायोगे प्रतिकूल टीका होईल असे कोणतेही विधान, मग ते मताचे असो वा वस्तुस्थितीचे असो, त्याने जाहीरपणे करू नये. 'वस्तुस्थितीचे' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. जे खरे आहे तेही सेवकाने चव्हाट्यावर सांगावयाचे नाही.

या नियमास केवळ दडपशाही म्हणून हिणविणे मला पटत नाही. मंत्र्याने आज घेतलेल्या निर्णयावर उद्या त्याच्याच सचिवाने चौकात टीका करावी, असे झाल्यास राज्य चालणार नाही. आणि लोकांनी निवडलेल्यांवर न निवडलेल्यांची कुरघोडी होईल. अधिकाऱ्याचे मौन हे त्याच्या निष्पक्षतेचे कवच आहे. आज या पक्षाचे सरकार, उद्या त्या पक्षाचे. ज्याची जीभ मोकळी, त्याची निष्ठा कोणास खरी वाटेल? तेव्हा सेवकाच्या ठायी मौन हा गुण आहे हे मान्य करावयास हवे.

परंतु सेवकाचा गुण तोच वाणीचा दोष. पहारेकऱ्याने गुपित राखावे. घंटेने राखू नये. आपण चूक केली ती ही की, ज्यांचा धर्म मौन राखण्याचा आहे अशा सेवकांच्या हातून आपण बोलण्याचा धर्म असलेली संस्था चालविली. मग तिच्यात कोणी एक माणूस अप्रामाणिक असावा लागत नाही. खालचा कर्मचारी नियमाप्रमाणे गप्प राहतो, वरचा सावधगिरीने गप्प राहतो, त्याच्या वरचा काय अपेक्षित आहे हे न सांगता ओळखतो. प्रत्येकाने आपापले कर्तव्य केलेले असते, आणि सर्वांच्या कर्तव्यांची बेरीज मात्र प्रजेची फसवणूक ठरते. नीतिशास्त्रातील हा एक अत्यंत अवघड प्रसंग आहे: पाप घडले आहे, आणि पापी कोठे सापडत नाही.

या मौनाची किंमत काय असते? ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी व चिमूर येथे जे घडले, ते ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात घडले त्याच प्रांतात त्या काळी जबलपूर होते. सरकारी नभोवाणी परक्या सत्तेच्या मुठीत, वृत्तपत्रांवर निर्बंध. अशा वेळी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा बदलत बदलत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला आणि देशभरच्या दडपलेल्या हकीकती लोकांस सांगितल्या. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांस पकडेपर्यंत, जेमतेम तीन महिने, तो चालला. तेव्हा आपण म्हणालो, हे परक्यांचे राज्य आहे, त्यांची वाणीही परकी. स्वराज्यात असे होणार नाही.

पुढे स्वराज्य आले, आणि २६ जून १९७५ ची सकाळही आली. आणीबाणीची घोषणा पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून केली. आदल्या रात्री दिल्लीतील अनेक वृत्तपत्र-कार्यालयांची वीज तोडण्यात आली होती; आकाशवाणीची तोडण्याची गरज नव्हती. या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे सारे सार आलेले आहे. ज्याच्यापासून भय वाटते त्याची वीज तोडली जाते.

त्या काळाशी जबलपूरचा संबंध विशेष निकटचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली, नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय येथे आले. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या शिवकांत शुक्ल यांचे प्रकरण याच न्यायालयापुढे चालले, आणि अशा कैद्याचा अर्ज ऐकून घेता येतो असा निर्णय येथे झाला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी तेथे उलट निर्णय झाला: आणीबाणीतील आदेश चालू असता स्थानबद्धाने न्यायालयाचे दार ठोठावूच नये. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले, आणि पुढे जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलण्यात आली. १९७८ च्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्कास संरक्षण दिले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय स्पष्टपणे चुकीचा ठरविला. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूडांचे पुत्र होत.

हा खटला विधिग्रंथांत 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर' या नावाने अजरामर झाला आहे. नाव कोणा मनुष्याचे नाही, एका पदाचे आहे. ज्या पदावर आपल्यापैकी कोणीही बसू शकला असता अशा एका सामान्य पदाचे ते नाव आहे. पदास चेहरा नसतो, तसाच बातमीच्या सरकारी भाषेसही नसतो. 'कळविण्यात येते की', 'असे समजते', 'स्थिती नियंत्रणाखाली आहे' या वाक्यांत कर्ता कोठे आहे? एखाद्या घरचा कर्ता पुरुष रात्री नेला जावा, न्यायालयाचे दार बंद असावे, आणि सकाळच्या बातम्यांत देश शांत असावा. त्या घरातील माणसांस तुरुंगाच्या भिंतीइतकीच ही शांतताही जाचली असेल.

आणि हे मौन अखेर राजासही बाधते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने मृत्यूची वार्ता दुपारी दिली. आकाशवाणीने अधिकृतपणे ती दिली तोपर्यंत संध्याकाळ झाली होती. त्यांचे पुत्र त्या दिवशी बंगालच्या दौऱ्यावर होते, आणि आईच्या प्रकृतीचे खरे वर्तमान कळावे म्हणून त्यांनीही परदेशी केंद्रच लावले होते. देशाची सारी नभोवाणी ज्या घराच्या हाती होती, त्या घरासही संकटसमयी तिच्यावर विसंबता आले नाही. सराफाने आपलाच दागिना दुसऱ्याच्या दुकानात कस लावून पाहावा, त्यातला हा प्रकार.

या बाबतीत चीनची रीत निदान स्पष्ट आहे. तेथे प्रत्येक प्रांताचे स्वतःचे सरकारी नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्र असते. मनोरंजनात त्यांना बरीच मोकळीक. हुनान प्रांताच्या केंद्राने २००५ साली एका गायनस्पर्धेत प्रेक्षकांस मोबाइलवरून मते देऊ दिली, तेव्हा सारा देश तिकडे लोटला. परंतु संध्याकाळी सात वाजले की प्रांतांच्या मुख्य वाहिन्यांवर राजधानीचे एकच वार्तापत्र लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये चीनच्या अध्यक्षांनी बीजिंगमधील प्रमुख वृत्तसंस्थांस भेट दिली तेव्हा तेथील दूरचित्रवाणीने आपले आडनाव 'पक्ष' आहे असे झळकविले. घराण्याचे नाव लपविले नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यात आहे.

आपल्याकडे आडनाव निराळे लावले गेले. १९६६ साली चंदा समितीने स्वायत्ततेची शिफारस केली, १९७८ साली वर्गीस समितीने स्वतंत्र न्यासाची केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अंमलात यावयास १९९७ साल उजाडले. तत्पूर्वी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासह तिघा न्यायमूर्तींनी असा निर्णय दिला होता की, आकाशातील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची नव्हे, तशी धनिकांचीही नव्हे. तत्त्व इतके स्वच्छ सांगितले गेले. पण वेतनाचा पैसा सरकारी तिजोरीतूनच येत राहिला, वृत्तविभागातील अधिकारी सरकारच्या माहितीसेवेतूनच येत राहिले. आणि पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी लागलेल्या कर्मचाऱ्यांस निवृत्तीपर्यंत सरकारी नोकरच मानण्यात आले. कर्मचाऱ्यांच्या संघटनांसही तेच हवे होते. त्यांस दोष कोण देईल? निवृत्तिवेतनाचा आधार सोडून स्वातंत्र्य पत्करावे, हा उपदेश ज्याचे निवृत्तिवेतन सुरक्षित आहे त्याने तरी करू नये.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की राज्यास आपली बाजू मांडण्यास वाणी नको काय? जरूर हवी. त्यासाठी प्रसिद्धिपत्रके आहेत, पत्रपरिषदा आहेत. परंतु प्रसिद्धिपत्रक ही पक्षकाराची कैफियत, आणि वार्ता हा साक्षीपुरावा. कैफियतीस पुरावा म्हणून वाचणे हे कोणत्याही न्यायालयात चालत नाही. दुसरा आक्षेप असा, की खाजगी वाहिन्या तरी काय दिवे लावतात? तेथे पारखणाऱ्याची जागा जाहिरातदाराने घेतली आहे, आणि मालकाचे हितसंबंध दहा ठिकाणी गुंतले आहेत. हेही खरे. पण शेजारचे नाणे खोटे निघाले म्हणून आपले नाणे खरे ठरत नाही. उलट, खोटी नाणी वाढली की खऱ्या नाण्याची गरज वाढते.

मग वेतन घेणाऱ्याने खरे बोलणे शक्यच नाही काय? संजयाला जगातील पहिला वार्ताहर म्हणण्याची थट्टा आता जुनी झाली, पण त्याच्या कथेतील मुख्य गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. संजय हा धृतराष्ट्राचा सेवक. त्याचे अन्न राजवाड्यातले. तरीही राजपुत्रांचा एकेक पराभव त्याने न लपविता सांगितला, आणि या साऱ्यास तुझा पुत्रमोह कारण आहे हेही राजास तोंडावर ऐकविले. हे त्यास कसे साधले? कारण त्याची दृष्टी राजाने दिलेली नव्हती, व्यासांनी दिलेली होती. शस्त्रापासून अभयही व्यासांचे. युद्धाच्या अखेरीस सात्यकीने त्यास पकडून मारावयाचे ठरविले, तेव्हा व्यासच आडवे आले. वेतन एकाचे, दृष्टी व अभय दुसऱ्याचे! वेतनाने वाणी विटाळत नाही; जो वेतन देतो त्याच्याच हाती नेमणूक, बढती, बदली आणि भय हे सारे एकवटले की ती विटाळते. आज लोकशाहीत व्यासांची जागा कोणाची? संसदेची, न्यायालयाची, आणि तत्कालीन सरकारपासून अलग अशा नियामक मंडळाची. कायद्यातील अक्षरे तेथवर पोहोचली आहेत. आचार पोहोचावयाचा आहे.

ते कायदेमंडळांचे काम. आपल्या हाती काय आहे? ध्वनिक्षेपकापुढे बसणारा निवेदक जो आकडा वाचतो तो आकाशातून पडत नाही. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर जबलपूर भूकंपाने हादरले. अशा रात्री घराबाहेर उभी असलेली माणसे ज्या वर्तमानाची वाट पाहतात, ते तलाठ्याकडून तहसीलदाराकडे, तेथून जिल्हाकचेरीत, तेथून माहिती-अधिकाऱ्याकडे आणि मग केंद्राकडे जाते. या साखळीत आपल्यापैकी प्रत्येकजण कोठे ना कोठे असतो. एका ठिकाणी आकडा थोडा सौम्य होतो, दुसऱ्या ठिकाणी एक परिच्छेद गळतो, तिसऱ्या ठिकाणी 'वरिष्ठांस अप्रिय होईल' म्हणून अहवाल एक दिवस थांबतो. निवेदकाच्या तोंडी जे अर्धसत्य येते ते आपण सर्वांनी मिळून घडविलेले असते.

म्हणून सेवकाच्या मौनास एक अट आहे, आणि तिच्यावाचून ते मौन गुण राहत नाही. बाहेर जो गप्प राहण्यास बांधलेला आहे, त्याने आत खरे लिहिण्यास दुप्पट बांधले गेले पाहिजे. चव्हाट्यावर बोलू नये हा नियम आहे. टिपणीत खोटे लिहावे असा नियम कोठेही नाही. किंबहुना बाहेरच्या मौनाचे समर्थन एवढेच, की आत कोणीतरी निर्भयपणे सत्य नोंदवीत आहे. आतही ज्याने तोंड देखून लिहिले, त्याचे बाहेरचे मौन शिस्त नव्हे. ती केवळ सोय.

ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू आहे. कोणीही सामान्य नागरिक अल्पशी फी भरून आता सरकारी कागद मागू शकतो. अपवाद आहेत, दिरंगाई आहे, पण दार उघडले आहे. कपाटातील धारिका ही अशा रीतीने सावकाश बोलणारी एक वाणी झाली आहे. आज जे लिहिले ते दहा वर्षांनी एखादा अपरिचित मनुष्य वाचील. तोवर लिहिणाऱ्याची बदली झालेली असेल, कदाचित तो निवृत्त होऊन पुण्यास वा नागपुरास परतलाही असेल. त्या वाचणाऱ्यास अक्षर कोणाचे ते ओळखता येणार नाही. जे घडले तेच तेथे लिहिले आहे की नाही, एवढे मात्र त्यास कळेल.